वॅक्सची एक रेघ, आणि लाट पकडणं सोपं

सर्फिंग करताना जीव तोडून हात मारले तरी लाट खालून निघून जाते? बहुतेक वेळा ताकद कमी पडत नसते, बोर्डवर झोपायची जागा चुकलेली असते. मागे सरकलात तर बोर्डचं नाक (पुढचं टोक) वर उचललं जातं आणि शेपूट (मागचं टोक) पाणी अडवते. फार पुढे गेलात तर नाक पाण्यात घुसतं.

१. शांत पाण्यात पालथे झोपा, पाय जुळवा. थोडं पुढे-मागे सरकत पॅडल करून, म्हणजे हातांनी पाणी मागे ढकलत पुढे जाऊन बघा. नाक पाण्याच्या ३-५ सेंटिमीटर वर राहील अशी जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सने (घसरू नये म्हणून बोर्डवर चोळतात ते मेण) ठळक रेघ ओढा. पुढच्या वेळी हनुवटी थेट तिथेच आणायची. बोर्ड बदलला की रेघही नव्याने शोधावी लागते.

२. छाती उचला, नजर समोर. हात लांबवून पाण्यात घाला आणि कोपर वाकवून पाणी मांडीकडे ढकला. शिंतोडे खूप उडत असतील तर हात उथळ चाललेत.

३. लाटेने उचलायला सुरुवात केली की लगेच उभे राहू नका. आणखी दोन-तीन जोरदार हात मारा. माझ्या मते सर्वाधिक लाटा इथेच हुकतात.

लाटेची वाट बघताना प्रवाह नकळत बाजूला नेतो. किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा हेरून ठेवा, जसं झाड आणि त्यामागचं छप्पर. त्यांची रांग मोडली की पॅडल करत परत या.

मात्र लाट जिथे फुटतेय त्याच्या अधिक जवळ असलेला सर्फर निघाला असेल, तर ती लाट त्याची. तिथेच थांबा.