सेल्सफोर्समध्ये कोणत्या कामासाठी कोणते ऑटोमेशन निवडावे

सेल्सफोर्स (ग्राहक आणि विक्रीची माहिती सांभाळणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या कंपनीत ऑटोमेशनची मागणी बहुधा एका वाक्यात येते. ‘लीड (संभाव्य ग्राहकाची माहिती) आली की ती आपोआप योग्य विक्री प्रतिनिधीकडे जावी’, किंवा ‘सौदा पक्का झाला की हिशेब विभागाला लगेच कळावे’. हे ऐकून अॅडमिनने थेट फ्लो बिल्डर (कोड न लिहिता ऑटोमेशन, म्हणजे ‘फ्लो’, रचण्याचे साधन) उघडू नये, असा माझा आग्रह आहे. आधी त्या वाक्यातून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: काम नेमके कशामुळे सुरू होते, ते कोणत्या रेकॉर्डमध्ये बदल करते, आणि मध्येच कोणी काही भरायचे किंवा ठरवायचे आहे का. काम सोपे आहे की अवघड, हा प्रश्न सर्वात आधी विचारला जातो, पण साधनाची निवड प्रामुख्याने या तीन उत्तरांवरच ठरते.

जुन्या व्यवस्थेत काम करणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. नवा वर्कफ्लो रूल तयार करण्याची सोय ‘विंटर २३’ या आवृत्तीपासून आणि प्रोसेस बिल्डरमध्ये नवी प्रक्रिया तयार करण्याची सोय ‘समर २३’पासून बंद झाली. या दोन्ही साधनांचा आधार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपेल, असे सेल्सफोर्सने जाहीर केले होते. त्यामुळे त्यांवर आज नवे काही उभारण्याचा प्रश्नच नाही. निवड करायची ती फ्लो, अॅपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि आधीपासून हाताशी असलेल्या छोट्या सोयी यांच्यात.

या छोट्या सोयींकडे होणारे दुर्लक्ष मला फार खटकते. एखादी रक्कम दुसऱ्या दोन फील्डवरून काढता येत असेल, तर फॉर्म्युला फील्ड पुरते. मास्टर-डिटेल नात्यातील (मुख्य रेकॉर्ड आणि त्यावर अवलंबून असलेले रेकॉर्ड) बेरीज हवी असेल, तर रोल-अप समरी फील्ड आहे. चुकीची माहिती अडवायची असेल, तर व्हॅलिडेशन रूल लिहावा. लीड किंवा केस (ग्राहकाची तक्रार वा विचारणा) कोणाकडे जावी हे राज्य, उत्पादन अशा निकषांवर ठरत असेल, तर असाइनमेंट रूल हेच त्यासाठीचे साधन आहे. असाइनमेंट रूल एका ओळीत बदलता येतो, तर तेच काम करणारा फ्लो पुढच्या अॅडमिनला आधी वाचून समजून घ्यावा लागतो.

एवढ्याने भागले नाही, तर फ्लोकडे वळावे. रेकॉर्ड तयार झाल्यावर किंवा बदलल्यावर चालणाऱ्या फ्लोचे दोन प्रकार आहेत: सेव्ह होण्यापूर्वी चालणारा आणि सेव्ह झाल्यानंतर चालणारा. सर्वाधिक चुका येथेच होतात. बदल त्याच रेकॉर्डच्या फील्डमध्ये करायचा असेल, तर सेव्हपूर्वीचा प्रकार घ्यावा. समजा, ऑपॉर्च्युनिटीमध्ये (सौद्याच्या रेकॉर्डमध्ये) जिल्हा भरला की विक्री विभागाचे नाव आपोआप यायला हवे. सेव्हपूर्वीचा फ्लो ते मूल्य रेकॉर्डसोबतच लिहितो, वेगळी नोंद करावी लागत नाही. हेच काम सेव्हनंतरच्या फ्लोला दिले, तर तो रेकॉर्ड पुन्हा सेव्ह करतो आणि त्या ऑब्जेक्टवरचे (त्या प्रकारच्या रेकॉर्डवरचे) ट्रिगर, म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताना चालणारा कोड, पुन्हा चालतात. एका रेकॉर्डला हा फरक जाणवत नाही. हजारो लीड एकदम आयात केल्या की जाणवतो. आणखी एक फायदा असा की व्हॅलिडेशन रूल सेव्हपूर्वीच्या फ्लोनंतर तपासले जातात, म्हणून फ्लोने भरलेले मूल्यही त्या तपासणीतून जाते.

मात्र सेव्हपूर्वीच्या फ्लोला मर्यादा आहेत. नव्या रेकॉर्डला तोवर आयडी मिळालेला नसतो. दुसरे रेकॉर्ड तयार करणे, संबंधित खात्यात (ग्राहक कंपनीच्या रेकॉर्डमध्ये) बदल करणे किंवा ईमेल पाठवणे तेथे शक्य नाही. सौदा पक्का झाल्यावर हिशेब विभागासाठी टास्क तयार करायचा असेल, तर सेव्हनंतरचाच फ्लो लागतो. त्याच्या सुरुवातीच्या अटीत, रेकॉर्ड बदलून ती अट नव्याने पूर्ण झाली तरच फ्लो चालेल, असा पर्याय निवडावा. नाहीतर पक्क्या झालेल्या सौद्यात कोणी एखादे अक्षर दुरुस्त केले तरी नवा टास्क तयार होईल. दोन दिवसांनी स्मरणपत्र हवे असेल, तर याच फ्लोमध्ये शेड्यूल्ड पाथ (ठरावीक वेळाने चालणारी शाखा) जोडता येतो.

मध्ये एखाद्याने माहिती भरायची असेल, म्हणजे कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्याने ग्राहकाला एकेक प्रश्न विचारत केस नोंदवायची असेल, तर स्क्रीन फ्लो घ्यावा. ठरावीक वेळी अनेक रेकॉर्ड तपासायचे असतील, तर शेड्यूल-ट्रिगर्ड फ्लो आहे, पण त्याला २४ तासांत २,५०,००० किंवा वापरकर्ता परवान्यांच्या २०० पट, यांतील जी संख्या मोठी असेल तेवढ्याच रेकॉर्डची मर्यादा आहे. मंजुरीची साखळी साधी असेल, तर अप्रूव्हल प्रोसेस पुरते. अनेक विभागांनी क्रमाने किंवा एकाच वेळी टप्पे पूर्ण करायचे असतील, तर फ्लो ऑर्केस्ट्रेशनचा विचार करावा.

अॅपेक्सकडे कधी जायचे, याचा निर्णय मी आकारमान आणि तर्काची रचना पाहून घेतो. लाखो रेकॉर्डवर प्रक्रिया करायची असेल, एका यादीची दुसऱ्या यादीशी जुळवणी करायची असेल किंवा फ्लोमध्ये लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आत लूप येऊ लागला असेल, तर कोड लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. मर्यादा दोघांनाही सारख्याच लागू होतात: एका सिंक्रोनस (लगेच पूर्ण होणाऱ्या) व्यवहारात १०० क्वेरी (माहिती मागवणे), १५० डीएमएल विधाने (माहिती लिहिणे वा बदलणे) आणि १० सेकंद सीपीयू वेळ. एखाद्या खात्याचे १२० संपर्क लूपमध्ये घेऊन प्रत्येकासाठी आत ‘गेट रेकॉर्ड्स’ (रेकॉर्ड शोधून आणणारा घटक) ठेवला, तर १०१ व्या क्वेरीला सगळे काम थांबते आणि तोवर झालेले बदलही मागे घेतले जातात. लूपआधी एकदाच सर्व रेकॉर्ड आणावेत, लूपमध्ये फक्त मूल्ये बदलावीत आणि लूपनंतर एकदाच अपडेट करावा. अॅपेक्सचा कोड प्रत्यक्ष वापरात नेण्यासाठी किमान ७५ टक्के चाचणी कव्हरेज (चाचण्यांत चालून गेलेला कोडचा भाग) लागते, म्हणून तो सांभाळणारा डेव्हलपर पुढेही उपलब्ध असेल का, हे आधीच विचारावे. नसेल, तर सगळे काम कोडमध्ये नेण्यापेक्षा फक्त अवघड भाग अॅपेक्समध्ये लिहून तो फ्लोमधून बोलावणे हा मला पटलेला मधला मार्ग आहे.

एकाच ऑब्जेक्टवर फ्लो, ट्रिगर आणि जुने वर्कफ्लो रूल असे तिन्ही असतील, तर नवे काही जोडण्यापूर्वी फ्लो ट्रिगर एक्स्प्लोररमध्ये फ्लोंचा क्रम पाहावा. तेथे प्रत्येक फ्लोला १ ते २००० यांपैकी क्रमांक देता येतो. सुरुवातीला १०, २०, ३० असे अंतर ठेवून क्रमांक दिले, तर पुढे मध्ये एखादा फ्लो बसवणे सोपे जाते. ‘मायग्रेट टू फ्लो’ या सोयीने जुना रूल फ्लोमध्ये आणला, तर फ्लो चालू करताना तो रूल बंद झाल्याची खात्री करावी. दोन्ही चालू राहिले, तर ग्राहकाला तोच ईमेल दोनदा जातो.

चाचणी सँडबॉक्समध्येच (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत) करावी आणि ती एका रेकॉर्डवर थांबवू नये. डेटा लोडरचा (अनेक रेकॉर्ड एकदम चढवण्याच्या साधनाचा) मूळ बॅच आकार २०० असतो, म्हणून निदान २०० रेकॉर्डची फाइल एकदम चढवून पाहावी. ज्यांना कमी अधिकार आहेत अशा वापरकर्त्याच्या नावानेही फ्लो चालवून पाहावा. डेटा बदलणाऱ्या प्रत्येक घटकाला फॉल्ट पाथ (त्रुटी आल्यास चालणारी शाखा) द्यावा, कारण तो नसेल तर एखादा दुय्यम टास्क तयार होऊ शकला नाही, एवढ्या कारणानेही विक्री प्रतिनिधीला आपला सौदा सेव्ह करता येत नाही आणि पडद्यावर दिसणाऱ्या संदेशातून त्याला काहीच उमगत नाही. त्या पाथमधून अॅडमिनला ईमेल जावा, आणि त्यात फ्लोचे नाव, रेकॉर्डचा आयडी व त्रुटीचा मूळ संदेश असावा.