काचेच्या फ्यूज्ड (भट्टीत तापवून एकजीव केलेल्या) पॅनेलमध्ये रंगाच्या भागातच बुडबुडे येत असतील तर

पॅनेल हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं. ३ मिमीच्या दोन काचा, मध्ये इनॅमलने (काचेवर भाजून पक्का होणारा रंग) रंगवलेले डोंगर. भट्टीतून काढलं की रंगाच्या जागी मोहरीएवढे बुडबुडे आणि कडांना करडी झाक. रंग नसलेलं आकाश मात्र स्वच्छ.

कमाल तापमान वाढवलं, तिथला थांबा लांबवला, रंग पातळ लावला. बुडबुडे उलट फुगले. फार वैताग आला.

आकाश स्वच्छ होतं, म्हणजे दोष रंगात. त्यात कालवलेलं तेल जळतं आणि वायू दोन काचांमध्ये कोंडतो. म्हणून आता आधी काच जोडतो, रंग नंतर वरून.

पहिली भाजणी (९० सीओईची काच; सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते त्याचा आकडा): तासाला १०० अंशांनी ६०० सेल्सिअसपर्यंत, पुढे तासाला ५० अंशांनी ६५०, तिथे ४५ मिनिटं. हा थांबा गाळू नका, थरांमधली हवा इथेच निघते. मग ८०० ला १० मिनिटं, झटकन ४८२ वर आणून तासभर ॲनीलिंग (काचेतला ताण जावा म्हणून त्याच तापमानाला ठेवणं), पुढे तासाला ८० अंशांनी ३७० पर्यंत. त्यानंतर भट्टी बंद, पण गार होईपर्यंत उघडायची नाही.

मग रंग. तेलाऐवजी पाणी आणि थोडा डिंक. लांबच्या डोंगररांगा अगदी फिकट, कोकणकडा गडद. सुकल्यावर उन्हाची रेघ बांबूच्या काडीने खरवडून काढली. रंग पूर्ण कोरडा हवा.

दुसरी भाजणी: ५४० पर्यंत झाकण बोटभर उघडं, नंतर बंद. ६७० ला १० मिनिटं (रंगाच्या डबीवरचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा), पुन्हा तेच ॲनीलिंग.

एकही बुडबुडा नाही, आणि काडीची रेघ जशीच्या तशी.