मसादा बघायला जाताय? आधी पाण्याची टाकी बघा

इस्राएलमध्ये मृत समुद्राच्या काठावर वाळवंटात सपाट माथ्याचा एक सुटा डोंगर आहे, त्यावर हेरोद राजाने इ.स.पू. 37 ते 31 च्या सुमारास बांधलेला राजवाडा-किल्ला म्हणजे मसादा.

वर जायला पूर्वेकडून नागमोडी सर्पवाट आहे, साधारण तासभर चढ, उन्हाळ्यात पहाटेच निघा कारण ऊन तापलं की वाट बंद करतात. केबल कार पण याच बाजूला. पश्चिमेकडून अरादमार्गे आलात तर रोमनांनी रचलेल्या उतारावरून पंधरा-वीस मिनिटांत वर. पण दोन्ही बाजूंना जोडणारा गाडीरस्ता नाही, गाडी लावलीत त्याच बाजूने उतरायचं.

आपण कुठल्याही गडावर पाणी कुठेय हे आधी विचारतो ना, इथेही तेच करा. पाऊस जेमतेम, तरी हेरोदच्या माणसांनी खालच्या ओढ्यांत बांध घालून पुराचं पाणी पाटांनी वळवलं आणि वायव्येच्या कड्यात दोन रांगांत खोदलेल्या 12 टाक्यांत साठवलं, साधारण 40 हजार घनमीटर! तिथून माणसं नि गाढवं ते वर वाहायची. हे एकदा डोक्यात बसलं की वरचं स्नानगृह बघताना खरंच थक्क व्हायला होतं, जमिनीखाली छोटे छोटे खांब आणि त्यांच्यामधून गरम हवा फिरायची.

मग उत्तरेचा राजवाडा, कड्यावर तीन टप्प्यांत उतरलेला. अगदी खालच्या टप्प्यापर्यंत जाच, पायऱ्या खूप आहेत तरी. तिथले खांब जवळून बघा, दगडाचे तुकडे एकावर एक रचून वरून गिलावा दिलाय आणि त्यात उभ्या पन्हळी काढल्यात, लांबून अखंड संगमरवर वाटावा म्हणून. भिंतींवरची काळी रेघ पण लक्षात ठेवा, रेघेखालचं मूळ बांधकाम, वरचं नंतर रचलेलं.

आता दंतकथा. हेरोदनंतर रोमविरुद्ध बंड केलेले ज्यू या किल्ल्यात राहिले आणि रोमनांनी त्यांना वेढा घातला. इ.स. 73-74 मध्ये रोमन सैन्य आत शिरायच्या आदल्या रात्री 960 बंडखोरांनी मरण पत्करलं, शेवटच्या दहा जणांनी बाकीच्यांना कोणी मारायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, दोन बायका नि पाच मुलं तेवढी लपून वाचली, असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. तो स्वतः तिथे नव्हता. 1963-65 च्या उत्खननात नावं लिहिलेली 11 खापरं सापडली, कदाचित त्याच चिठ्ठ्या, एकावर बंडखोरांच्या म्होरक्याचं बेन याईर हे नाव, पण इतक्या लोकांचे सांगाडे काही मिळाले नाहीत, म्हणून अभ्यासकांचा वाद चालूच आहे. मला वेढा जास्त खरा वाटतो, कारण तो डोळ्यांनी दिसतो. तटाच्या कडेने पूर्ण फेरी मारा, रोमनांच्या आठ छावण्यांचे दगडी चौकोन नि त्यांना जोडणारी भिंत खाली अजून स्पष्ट आहे.