तळ्यातली पानं कुजण्यावर खत आणि गाळाचा परिणाम कसा मोजावा

तळ्यात पडलेलं पान कुजवण्याचं बरंचसं काम पाण्यातली बुरशी करते. वाळल्या पानात नत्र आणि स्फुरद कमी असतं. शेतातून वाहून आलेलं खत ती उणीव भरून काढतं आणि पान लवकर मऊ पडतं. पण त्याच पावसात गाळही येतो. तो पानावर बसला की प्राणवायू पोचत नाही आणि बुरशी मागे पडते. हे दोन परिणाम वेगवेगळे पाहायचे तर टबच हवेत. प्रयोगासाठी खऱ्या तळ्यात खत टाकू नका.

टब. १०० लिटरचे १२ टब सावलीत, छपराखाली ठेवा: तीन साधे, तीन खताचे, तीन गाळाचे, तीन दोन्हींचे. एकाच टबात जास्त पिशव्या टाकून टबांची संख्या वाचवता येत नाही, कारण त्या सगळ्या एकच पाणी पितात. सगळीकडे एकाच तळ्याचं, फडक्यातून गाळलेलं पाणी भरा. ते आधीच हिरवं असेल तर खताचा फरक दिसणार नाही. डास होऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणी ताणून बांधा.

पिशव्या. उंबराची नुकतीच गळालेली पानं देठ काढून आठवडाभर सावलीत वाळवा. मच्छरदाणीच्या १५ सेंमी पिशवीत ३ ग्रॅम पानं भरा. प्रत्येक टबात पाच, म्हणजे ६० पिशव्या. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहा; शाई धुऊन जाते. पाच पिशव्यांची पानं जास्तीची ठेवा, ती ६० अंशांवर ४८ तास सुकवून खरं कोरडं वजन काढा. सावलीत वाळलेल्या पानात ओल उरतेच.

खत. एक लिटर पाण्यात १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे खत १५ ग्रॅम आणि १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) हे ०.७५ ग्रॅम विरघळवा. टबाला यातलं १०० मिली पुरतं: लिटरमागे सुमारे २ मिग्रॅ नत्र, ०.२ मिग्रॅ स्फुरद. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा हवाच. जास्त घालू नका. शेवाळ माजलं तर रात्री प्राणवायू घटतो आणि निकाल उलटा येतो.

गाळ. चाळलेला गाळ पिशव्यांवर १ सेंमी थर बसेल इतका सोडा. ६० सेंमी व्यासाच्या टबाला सुमारे २.८ लिटर लागतो. गाळासोबत स्फुरदही येतं, म्हणून तो आधी दोनतीनदा पाण्यात खळबळून निथळवा.

काढणी. २, ७, १४, २८ आणि ५६ व्या दिवशी प्रत्येक टबातून एक पिशवी काढा. पहिल्या दोन दिवसांतली घट म्हणजे नुसता विरघळून गेलेला अर्क, कुजणं नव्हे. गाळ नसलेल्या टबातलं पान तपकिरी, शिरा उघड्या पडलेलं दिसतं. गाळाखालचं काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं.

इथेच बहुतेकांची चूक होते. पान कितीही हलक्या हाताने धुतलं तरी बारीक गाळ चिकटून राहतो, वजन वाढतं आणि पान कुजलंच नाही असं वाटतं. म्हणून ६० अंशांवर सुकवलेलं पान दळून, त्यातला मोजलेला भाग ५५० अंशांवर चार तास जाळा. माती परीक्षण प्रयोगशाळेत अशी भट्टी असू शकते. त्या भागातला जितका वाटा जळून गेला, तितकाच वाटा पिशवीतल्या एकूण कोरड्या वजनातून पानाचा धरा, राख वगळा. सुरुवातीच्या पानांचंही असंच करा.

हिशेब. उरलेलं ÷ सुरुवातीचं, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले दिवस, आणि चिन्ह उलटं. ३ ग्रॅमपैकी २८ दिवसांनी १.८ उरलं तर दर दिवसाला ०.०१८, म्हणजे अर्धं पान सुमारे ३८ दिवसांत संपतं. चारही गटांचे दर शेजारी मांडा. दोन्ही घातलेल्या टबांचा दर गाळाच्या टबांजवळ आला, तर गाळाने खताचा फायदा खाल्ला असं समजा.