या चुका टाळा: पोस्टग्रेस एक्स्टेन्शनमधला बग काढताना जुनं काम मोडू नका

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा व्यापाऱ्यांचे पत्ते सांभाळायला तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक छोटं एक्स्टेन्शन (जोड-पॅकेज) लिहिलंय. त्यात ‘पिनशुद्ध’ नावाचं सी भाषेतलं फंक्शन आहे. जीपीओचा पिन ‘४४० ००१’ असा दिला की ते ‘४४०००१’ परत करतं. बग असा: साधी स्पेस निघते, पण एक्सेलमधून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस (दिसायला साधीच, पण वेगळं अक्षर) तशीच राहते. यूटीएफ-८ मध्ये ती दोन बाइटांची असते आणि फंक्शन एकेक बाइट तपासतं. दुरुस्ती चार ओळींची. घोटाळा होतो तो ती सर्व्हरवर चढवताना.

एक्स्टेन्शनचे दोन भाग असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी बदलतात. डॉट-एसओ लायब्ररी, म्हणजे कंपाइल झालेला सी कोड, सर्व्हरवर एकच. पॅकेज अपडेट झालं की पुढच्या प्रत्येक नव्या कनेक्शनला नवीच मिळते. एसक्यूएलच्या व्याख्या (कोणतं एसक्यूएल फंक्शन लायब्ररीतल्या कोणत्या सिम्बॉलला, म्हणजे सी फंक्शनच्या नावाला, बोलावतं) मात्र प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळ्या असतात आणि तिथे कोणी ‘ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट’ चालवेपर्यंत जुन्याच राहतात. म्हणजे नव्या लायब्ररीला जुनं एसक्यूएल कित्येक महिने सांभाळावं लागणार, हे धरूनच चाला.

सगळ्यात महाग चूक: जुन्या सिम्बॉलचं उत्तर बदलणं

‘पिनशुद्ध’ इम्यूटेबल आहे, म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देतं असं जाहीर केलेलं, म्हणून लोकांनी त्यावर एक्स्प्रेशन इंडेक्स (फंक्शनचं उत्तर साठवणारे इंडेक्स) बांधलेले असतात. सी कोड जागच्या जागी बदलला की इंडेक्समध्ये जुनी उत्तरं राहतात आणि क्वेरी नव्या उत्तराने शोधते. ‘४४०००१’ शोधल्यावर इंडेक्स स्कॅन ३ ओळी देतो, सिक्वेन्शियल स्कॅन (पूर्ण टेबल वाचणारा) ५. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. असा संशय आला तर त्या सेशनपुरते ‘इनेबल इंडेक्सस्कॅन’, ‘इनेबल इंडेक्सओन्लीस्कॅन’ आणि ‘इनेबल बिटमॅपस्कॅन’ बंद करून तीच क्वेरी पुन्हा चालवा. आकडे जुळले नाहीत तर दुखणं इथेच आहे.

त्याऐवजी जुना सिम्बॉल जसाच्या तसा ठेवा आणि दुरुस्त कोड ‘पिनशुद्ध_१_१’ या नव्या सिम्बॉलमध्ये लिहा. १.० वरून १.१ वर नेणाऱ्या अपडेट स्क्रिप्टमध्ये ‘क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन’ने एसक्यूएल फंक्शन नव्या सिम्बॉलकडे वळवा. पोस्टग्रेससोबत येणारं ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’ही असंच करतं, त्याच्या सी फाइलमध्ये आवृत्तीगणिक वेगळी फंक्शन्स दिसतील. अपवाद क्रॅशचा किंवा सुरक्षेच्या भोकाचा. ती दुरुस्ती जुन्या सिम्बॉलमध्येही लगेच करा, फक्त बरोबर येणारी उत्तरं हलवू नका.

जुना सिम्बॉल उडवलात, तर अपडेट न झालेल्या डेटाबेसमध्ये ‘फाइलमध्ये फंक्शन सापडलं नाही’ अशी एरर येते. निदान ती दिसते तरी.

अपडेटनंतर इंडेक्स विसरणं

फंक्शन नव्या सिम्बॉलकडे वळलं तरी इंडेक्समध्ये जुनीच उत्तरं असतात. ‘पीजी-इंडेक्सेस’च्या ‘इंडेक्सडेफ’ रकान्यात फंक्शनचं नाव शोधून यादी काढा. टेबल लहान असेल तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट’ आणि त्यामागे ‘रीइंडेक्स’ करा. थोडा वेळ लॉक लागेल, पण चुकीची उत्तरं कोणाला मिळणार नाहीत. वापर न थांबवता इंडेक्स पुन्हा बांधणारं ‘रीइंडेक्स कन्करंटली’ ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, त्यामुळे अपडेट स्क्रिप्टमध्येही नाही. युनिक इंडेक्स असेल तर आधी दुबार ओळी काढून पाहा. कालपर्यंत वेगळ्या दिसणाऱ्या दोन नोंदी आता एकच ठरतील आणि रीइंडेक्स अडकेल. फंक्शनचं उत्तर टेबलातच साठवणारा स्टोअर्ड जनरेटेड कॉलम आपोआप बदलत नाही; मूळ पिनच्या कॉलमला त्याचीच किंमत देणारा ‘अपडेट’ चालवावा लागतो.

फंक्शनच्या सहीमध्ये (पॅरामीटर आणि रिटर्न टाइप) हात घालणं

फंक्शनचा रिटर्न टाइप ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ने बदलत नाही, आणि ड्रॉप करायला गेलं की त्यावर उभे असलेले व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) आडवे येतात. इथे ‘कॅस्केड’ लिहू नका, लोकांचे व्ह्यू जातील. डिफॉल्ट असलेला दुसरा पॅरामीटर जोडला तर जुनं फंक्शन बदलत नाही, शेजारी दुसरं तयार होतं आणि साधा कॉल ‘युनिक नाही’ म्हणून फेटाळला जातो. वेगळ्या नावाचं फंक्शन द्या.

आवृत्तीच्या फाइली

बाहेर गेलेली १.० ची स्क्रिप्ट पुन्हा उघडू नका, नाहीतर एकाच आकड्याखाली दोन वेगळे माल फिरतील. पोस्टग्रेस १० पासून मूळ स्क्रिप्ट आणि तिच्यावरची अपडेट स्क्रिप्ट एवढ्यावर नवी १.१ बसते, एक्स्टेन्शनच्या कंट्रोल फाइलमध्ये डिफॉल्ट व्हर्जन बदललं की झालं. १.९ आणि १.१० यांत मोठं कोणतं हे पोस्टग्रेसला कळत नाही, ती नुसती नावं. मार्ग जुळतोय का, हे ‘पीजी-एक्स्टेन्शन-अपडेट-पाथ्स’ने तपासा.

लायब्ररी चढवताना ‘मेक इन्स्टॉल’ वापरा. चालू सर्व्हरच्या डॉट-एसओवर ‘सीपी’ने फाइल ओतली तर तीच फाइल मेमरीत धरून बसलेलं बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) कोसळू शकतं, आणि एक कोसळलं की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन्सही तोडतं. पूलर (कनेक्शन्स उघडी ठेवून वाटून वापरणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याची जुनी कनेक्शन्स बंद करा, ती जुनीच लायब्ररी धरून असतात. लायब्ररी ‘शेअर्ड प्रीलोड’मध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच लोड होणाऱ्यांच्या यादीत, असेल तर सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो.