गनिमी काव्याची लढाई कशी तपासायची

"शिवाजी महाराज समोरासमोर लढले नाहीत" असं कोणी म्हणालं की लगेच भडकू नका, आधी नकाशा उघडा. उंबरखिंड घ्या, १६६१, मोगल सरदार कारतलबखानाची मोठी फौज घाट उतरून कोकणात चाललेली, अरुंद वाट, दोन्हीकडे दाट झाडी, तिथंच महाराजांनी कोंडलं आणि खानाला खंडणी देऊन सुटावं लागलं. म्हणजे पहिलं चेक करायचं, शत्रूची संख्या कुठे कुचकामी ठरली, आणि दुसरं, मार नेमका कोणाला बसला. इथे लढणाऱ्यांनाच बसला, आणि शरण आल्यावर जाऊ दिलं, मला तरी यात काही खटकत नाही.

अवघड केस १६६४ ची सुरतेची लूट. शाइस्ताखानानं मुलूख उजाड केला त्याची भरपाई, हे कारण पटतं, पण लुटले गेले ते व्यापारी, सैनिक नाहीत, ते झाकू नका (झाकलं की वाद हरलाच समजा). सोबत महाराजांनी आपल्याच फौजेच्या चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र वाचा, रयतेला त्रास दिलात तर लोकांना मोगल बरे वाटतील असं त्यात बजावलंय. मग विचारा, हा नियम फक्त आपल्या मुलखापुरता होता का?