पुण्याहून खाडीवर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

पुण्याजवळ कवडीपाट किंवा पाषाण तलावावर पक्षी बघायचे तर उजाडताना हजर राहायचं, एवढं पुरतं. तीच सवय ठाणे खाडीवर नेली की पंचाईत होते. पहाटे पाचला निघून साडेसातला नवी मुंबईत नेरुळ-ऐरोलीला पोहोचावं, तर एक तर पक्षी चरतात तो सगळा चिखल पाण्याखाली, नाहीतर पक्षी इतके आत की दुर्बिणीतून नुसते ठिपके.

सगळ्यात मोठी चूक हीच: भरतीची वेळ न बघता रविवार ठरवणं. ओहोटीला पक्षी सरकत्या पाण्यामागे लांब जातात. पाणी चढू लागलं की तेच पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. म्हणून पूर्ण भरतीच्या तीन तास ते दीड तास आधीची वेळ पकडा. कोकणातला जुना हिशोब कामाचा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्रयोदशीला १३ × ३/४, म्हणजे पावणेदहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. पुण्याहून सकाळी पोहोचणाऱ्यांना त्रयोदशी ते अमावस्या किंवा पौर्णिमा हेच दिवस सोयीचे. एकादशीला सव्वाआठलाच भरती, म्हणजे गाडी लावेपर्यंत चिखल संपलेला. चतुर्थीला उलट, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. निघण्याआधी मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, आणि खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं हेही धरा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्यात चालत नाही.

उशीर झालाच तर परत फिरू नका. खाडी भरली की रोहित (फ्लेमिंगो) नेरुळच्या पाणथळींवर येऊन थांबतात. तिथल्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागचा भाग तेव्हा बघायचा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटफेऱ्याही भरतीवरच ठरतात, त्यामुळे बुकिंग आधी करा.

काठ निवडतानाही चुकतं. खाडीच्या मुंबईकडच्या काठावरची शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे दुपारनंतर जा. सकाळी नवी मुंबईचा काठ, कारण तिथे सूर्य पाठीशी असतो.

गाडीतल्या एसीतून उतरून लगेच दुर्बीण काढली की दमट हवेत भिंगांवर वाफ धरते. रुमालाने पुसत बसलात तर खारट कण घासून ओरखडे पडतात. पोहोचण्याआधी वीसेक मिनिटं एसी बंद करून काचा उघडा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. १० पटीच्या वर हात थरथरलेला जाणवतो. सकाळी दहा वाजल्यानंतर चिखलावरची तापलेली हवा हलू लागते, मग महागडी स्पॉटिंग स्कोपही (तिपाईवरची मोठी दुर्बीण) उपयोगाची नाही.

ओळखीतली नेहमीची गफलत: लाल पाय दिसले की शेकाट्या (ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट) म्हणायचं. शेकाट्याचे पाय शरीराच्या मानाने फारच लांब, गुलाबी, आणि चोच सुईसारखी काळी. रेडशँक या दुसऱ्या चिखलपक्ष्याचे पाय आखूड, नारिंगी-लाल, चोचीचं मूळही लालसर. उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी उघडते. ती दिसली की शंका उरत नाही. रोहितांच्या दोन जाती ओळखायला चोच बघा: मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी, टोकाला काळी, छोट्या रोहिताची गडद, लांबून काळीच वाटणारी. राखाडी-तपकिरी दिसतात ती पिल्लं, तो वेगळा पक्षी नाही. शेकाट्या आणि तुतारी (सँडपायपर) कवडीपाटला हिवाळ्यात आधी नीट बघून घ्या, खाडीवर निम्मं काम सोपं होतं.

फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणं कृपा करून थांबवा. मार्च-एप्रिलमध्ये चिखलपक्षी परतीच्या हजारो किलोमीटरसाठी अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चालू लागले, की तुम्ही जास्तच जवळ आला आहात. दोन पावलं मागे या आणि शांत उभे राहा. बहुतेकदा ते पुन्हा चरायला लागतात.

आणि बांध सोडून चिखलात उतरू नका. वरून कडक दिसणारा थर पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत आत घेतो. रुतलात तर पाय जोरात ओढू नका. मागे टेकून वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत एकेक सोडवा. पाणी चढत असेल तर वेळ न घालवता सोबतच्यांना हाक मारा. खाडीवर एकट्याने जाऊ नये ते यासाठीच.